विकरांची जागा पातेल्यात

नाजूक पोटाच्या माणसाविषयी सध्या एक मत जवळपास सर्वमान्य झालं आहे. जेवल्यावर पोट फुगतं, जड वाटतं, दूध किंवा कडधान्य सोसत नाही, याचा अर्थ शरीरातली पाचक विकरं, म्हणजे एन्झाइम, कमी पडतात. तेव्हा ती बाहेरून भरून काढावीत. कुणी जेवणानंतर दोन चमचे एन्झाइमचं सिरप घेतं. कुणी कच्च्या मोडांची वाटी आणि पपईच्या फोडी ताटात आणतं, कारण ‘शिजवलं की विकरं मरतात’. कुणी वाढलेल्या भाताआमटीवर पपेनची नाहीतर ब्रोमेलेनची भुकटी भुरभुरतं. घरातल्या आजाऱ्यासाठी, थकलेल्या आईवडिलांसाठी जिवापाड रांधणारी माणसं हे मत सर्वांत आधी उचलतात. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच हे मत कसोशीने तपासायला हवं.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. त्याला शास्त्राचं रूप दिलं ते अमेरिकन वैद्य एडवर्ड हॉवेल यांनी. १९४६ साली आणि पुन्हा १९८५ साली पुस्तकं लिहून त्यांनी सांगितलं, की प्रत्येक जीव विकरं घडवण्याची ठराविक क्षमता घेऊन जन्मतो आणि ती आयुष्यभर पुरवून वापरावी लागते. कच्च्या अन्नात स्वतःची विकरं असतात. ती जठराच्या वरच्या भागात अन्न थोडंफार पचवून ठेवतात आणि शरीराचा तेवढा साठा वाचतो. अन्न सुमारे ४८ अंश सेल्सियसच्या वर तापवलं, की ही मदत संपते.

या मांडणीला आधार अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. घास जठरात पोचल्यावर काही वेळ वरच्या भागात विसावतो आणि घासाच्या आत लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडत राहतं, हे खरं आहे. कच्ची पपई लावलेलं मटण लवकर शिजतं, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. दूध न सोसणाऱ्या पुष्कळ लोकांना दही सोसतं, हेही खरं. अडचण या सुट्या निरीक्षणांत नाही. त्यांवर उभारलेल्या निष्कर्षात आहे.

पहिली गोष्ट साठ्याची. विकरं ही प्रथिनं आहेत. पेशींतल्या जनुकांत त्यांची कृती लिहिलेली असते आणि आहारातून आलेल्या अमिनो आम्लांपासून ती रोज नव्याने घडतात. जन्माबरोबर मिळालेला आणि वापरला की आटणारा असा साठा शरीरात कुठेच सापडत नाही. दिवसभरात लिटर-दीड लिटर लाळ, सुमारे दोन लिटर जठररस आणि जवळपास दीड लिटर स्वादुपिंडाचा रस अन्नमार्गात उतरतो. हे उत्पादन गरजेपेक्षा किती तरी जास्त असतं. किती जास्त, ते १९७३ साली मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. स्वादुपिंडातून येणारं लायपेज नेहमीच्या प्रमाणाच्या दहा टक्क्यांखाली घसरेपर्यंत शौचातून न पचलेली चरबी जाऊ लागत नाही, असं त्यांना आढळलं. नऊ दशांश क्षमता गेल्यावरही पचन निभावतं. मग धडधाकट स्वादुपिंडाच्या माणसाला चार घास जास्त झाल्यावर ‘एन्झाइम कमी पडले’ हे निदान कोणत्या आधारावर करायचं?

दुसरी गोष्ट शिजवण्याची. उष्णतेने विकरं निकामी होतात, हे मान्य. एकच तापमान सर्वांना लागू होतं, हे मात्र चूक. पपईतलं पपेन ६५ अंशांनाही काम करतं, मोड आलेल्या धान्यातलं अमायलेज ६५ ते ७० अंशांच्या आसपास सर्वांत जोरात चालतं. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की शिजवताना अन्नातली विकरं गेली तर पचनाचं काय बिघडतं? झाडाच्या पेशींतली बहुतेक विकरं झाडाच्या कामासाठी असतात, आपल्या पचनासाठी नव्हेत. आणि शिजवण्याने जे मिळतं ते मोठं आहे. कच्च्या धान्यातले स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात. पाण्यात उकळले की ते फुगतात, उलगडतात, आणि मग आपलं अमायलेज त्यांना झपाट्याने तोडू शकतं. कच्च्या कडधान्यांत तर ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात. ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं आपलं मुख्य विकर. म्हणजे विकरांच्या लोभाने जो कच्ची डाळ किंवा कच्चं सोयाबीन खातो, तो स्वतःच्याच विकरांना बांधून घालतो. ती गाठ उकळीने सुटते. अंड्याचंही तसंच. बेल्जियममध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, मोजक्याच लोकांवरच्या पण काटेकोर अभ्यासात शिजवलेल्या अंड्याची सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली. कच्च्याची ५१ टक्के.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाचाही दाखला इथे द्यायला हवा, कारण कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते अनेकदा परंपरेचं नाव घेतात. पंचकर्मातल्या शोधनानंतर पोट सर्वांत नाजूक झालेलं असतं. त्या वेळी जो संसर्जन क्रम सांगितला आहे, तो पेया, विलेपी, यूष आणि मग मांसरस असा चढत जातो. यातली प्रत्येक पायरी शिजवलेली, किंबहुना पुष्कळ पाण्यात दीर्घकाळ शिजवलेली आहे. कोकण-गोव्यातली पेज, घाटावरचा मऊ भात, मुगाचं कढण ही त्याच समजेची घरगुती रूपं. आजाऱ्याच्या पानात कच्च्या मोडांचा ढीग वाढणं ही परंपरा नव्हे.

आता बाटलीकडे वळू. जठरातल्या रसातून पेप्सीन वेगळं ओळखलं ते थिओडोर श्वान यांनी, १८३६ साली. त्याआधी तीन वर्षं फ्रान्समध्ये पायें आणि पर्सोझ यांनी मोड आलेल्या जवातून डायास्टेज काढलं होतं. शोध ताजा असतानाच त्याचं औषध झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अजीर्णावर पेप्सीन देण्याची लाट युरोप-अमेरिकेत आली. पचनसंस्थेवरच्या कामासाठी १९०४ साली नोबेल मिळालेल्या पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत तर कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अजीर्णाच्या रोग्यांना विकला जाई आणि त्यातून संशोधनाचा खर्च भागे. १८९४ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ‘कोजी’ बुरशीपासून डायास्टेज काढण्याच्या पद्धतीचं अमेरिकेत पेटंट घेतलं आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘ताका-डायास्टेज’ नावाने अपचनावर बाजारात आणलं. आज आपल्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरपवर ‘फंगल डायास्टेज आणि पेप्सीन’ असं लिहिलेलं असतं. ही जोडी त्याच काळातून आली आहे.

विकराला काम करायला चार गोष्टी जुळून याव्या लागतात: ज्यावर काम करायचं तो नेमका पदार्थ, योग्य तापमान, योग्य आम्लता आणि पुरेसा वेळ. कोजी बुरशी जपानी घरांत शतकानुशतकं काम करत आली ती या अटी पाळून. शिजवलेल्या भातात कोजी मिसळून ५५ ते ६० अंशांवर काही तास ठेवला, की त्यातला स्टार्च तुटून साखर न घालताच गोड, पातळ ‘अमाझाके’ तयार होतं. मिसोसाठी तर तिला महिने मिळतात. तीच विकरं चमचाभर सिरपातून जठरात गेली, की त्यांना मिळतं आम्ल, धड मिसळलेलंही नसलेलं अन्न आणि थोडासा अवधी. पुढे लहान आतड्यात पोचेपर्यंत स्वादुपिंडाचं अमायलेज भरपूर आलेलंच असतं. तिथे उसनं डायास्टेज काय वेगळं करणार? शिवाय डायास्टेज स्टार्च तोडून माल्टोजपर्यंत आणतं. त्यापुढची तोडणी आतड्याच्या अस्तराला चिकटलेली विकरं करतात, आणि ती कोणत्याही सिरपात नाहीत.

पेप्सीनची कथा याहून विसंगत. त्याला कडक आम्ल लागतं, सामू दोनच्या आसपास. पाचच्या वर ते जवळपास निष्क्रिय असतं. आणि आपल्याकडे किती तरी रोग्यांना सकाळी अनशापोटी आम्ल बंद करणारी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असते आणि जेवणानंतर पेप्सीनचं सिरप. एका औषधाने आम्ल काढून घ्यायचं आणि दुसऱ्याने आम्लावर चालणारं विकर पाजायचं! यात वैद्यकीय तर्क कुठेच नाही, आणि रोग्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. हे पेप्सीन सहसा डुकराच्या जठराच्या अस्तरातून काढतात, हेही शाकाहारी घरांना माहीत असलेलं बरं. साखरविरहित सिरपात गोडीसाठी अनेकदा सॉर्बिटॉल असतं. ते नीट शोषलं जात नाही आणि मोठ्या आतड्यात जाऊन वायू करतं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी औषध घेतलं तीच वाढण्याची शक्यता.

मग लोकांना बरं का वाटतं? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. जेवणानंतरचं जडपण तास-दोन तासांत जठर रिकामं होऊ लागलं की आपोआप ओसरतं, आणि त्याच वेळात घेतलेल्या दोन चमच्यांना यश मिळतं. पण याहून खोल कारण ‘नाजूक पोट’ म्हणजे काय यात आहे. अशा बहुसंख्य लोकांच्या पोटात अन्न नीट पचत असतं. दुखावलेली असते ती जाणीव. जठराचा वरचा भाग घास आल्यावर पुरेसा सैल पडत नाही, आतड्यांतले मज्जातंतू अधिक संवेदनशील झालेले असतात, आणि दुसऱ्याला कळणारही नाही एवढा वायू यांना वेदना म्हणून जाणवतो. त्यांचं दुःख अस्सल आहे. मात्र ते विकरांच्या तुटवड्याचं दुःख नाही. भरपूर पचलेलं अन्न अजून थोडं पचवून त्यावर उपाय होत नाही.

इथवरचं खंडन ऐकून विकरांचा स्वयंपाकाशी काही संबंधच नाही असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. विकरांचा खरा उपयोग स्वयंपाकातच आहे, अन्न पानात येण्याआधी. पातेल्यात आपण ऊब ठरवू शकतो, आंबटपणा ठरवू शकतो, रात्रभर वेळ देऊ शकतो, आणि काम झालं की उकळी देऊन ते थांबवूही शकतो. जठरात यातलं काहीही आपल्या हातात नसतं.

हे ज्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं त्याचं नाव विल्यम रॉबर्ट्स. मँचेस्टरच्या या वैद्याने १८८० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे पाचक विकरं आणि त्यांनी पचवून ठेवलेलं अन्न या विषयावर व्याख्यानं दिली. रोग्याला विकर पाजण्यापेक्षा रोग्याचं अन्नच विकराने तयार करावं, हा त्यांचा विचार. दुधात थोडं पाणी घालून ते सुमारे ६० अंशांपर्यंत तापवायचं, त्यात स्वादुपिंडाचा अर्क आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा, भांडं झाकून उबेला तास-दीड तास ठेवायचं, आणि मग दोन-तीन मिनिटं उकळायचं. सोडा एवढ्यासाठी, की हा अर्क आम्लात चालत नाही. उकळी एवढ्यासाठी, की काम वेळेत थांबलं नाही तर दूध कडू होतं. प्रथिनांचे तुकडे फार बारीक झाले की कडवटपणा येतो, तो चवीने ओळखता येतो. मँचेस्टरचेच औषधविक्रेते फ्रेडरिक बेंजर यांनी या पद्धतीवरून गव्हाच्या पिठात स्वादुपिंडाचा अर्क मिसळून ‘बेंजर्स फूड’ काढलं. कोमट दुधात कालवायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग उकळायचं, ही त्याची रीत. विकराच्या चारही अटी या एका कृतीत पाळलेल्या आहेत.

पण रॉबर्ट्स यांच्या बाजूने बोलताना त्यांच्या विचाराची मर्यादाही सांगायला हवी, कारण ती इतिहासाने फार जबर किंमत घेऊन दाखवली आहे. दुबळ्या पोटाला आधीच तोडलेली प्रथिनं द्यावीत, ही कल्पना १९४३च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीच्या रोग्यांवर वापरली गेली आणि तिच्याविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या. १९४५च्या एप्रिलमध्ये बर्गन-बेल्सनची नाझी छळछावणी मुक्त झाली, तेव्हा हीच प्रथिनद्रावणं घेऊन जॅनेट व्हॉन, चार्ल्स डेंट आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स हे ब्रिटिश संशोधक तिथे पोचले. हाडांचा सापळा उरलेल्या त्या माणसांना तोंडाने घेतलेलं द्रावण चवीमुळे घेववत नव्हतं. शिरेतून द्यावं तर सुया पाहून ती भीतीने किंचाळत, कारण त्या छावण्यांत सुईचा अर्थ मरण असा होता. आणि शेवटी आढळलं ते हे, की थोडं थोडं, वारंवार दिलेलं साधं साय काढलेलं दूध त्यांना जास्त मानवतं. महिनोन्‌महिने उपाशी असलेली आतडीसुद्धा दूध पचवत होती. पोट दुबळं म्हणजे विकरं संपलेली, या समीकरणाची याहून कठोर परीक्षा झालेली नाही, आणि तिच्यात ते टिकलं नाही.

म्हणून सिद्धांत असा मांडावा लागतो: कोणत्या घटकाने त्रास होतो ते ओळखा, त्या घटकावर चालणारं विकर निवडा, त्याला पातेल्यात त्याच्या अटींवर काम करू द्या. आपल्या घरांत याचा उत्तम नमुना पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो नाचणीच्या सत्त्वाचा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवून, चोळून मुळं काढायची, दळायची, कापडातून चाळायची. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं आणि पुढे लापशी शिजताना ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. म्हणून सत्त्वाची लापशी तेवढ्याच पिठाच्या साध्या लापशीपेक्षा पातळ होते. इथे एक बारकावा आहे, जो हल्ली विसरला जातो. सत्त्व थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चढवलं, तर अमायलेजला ६०-७० अंशांच्या पट्ट्यात काम करायला अवधी मिळतो. तेच उकळत्या पाण्यात टाकलं, किंवा दळण्याआधी दाणे खमंग भाजले, तर विकर तिथेच मरतं आणि उरतं ते चांगल्या चवीचं साधं पीठ.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात या तत्त्वाचा पद्धतशीर अभ्यास केला. लहान मुलाचं पोट लहान. घट्ट लापशी त्याला गिळवत नाही, आणि पाणी घालून सैल केली तर पोट पाण्याने भरतं, बळ मिळत नाही. त्यांनी दाखवलं, की शिजलेल्या घट्ट लापशीत मोड आणून सुकवून दळलेल्या गव्हाचं अगदी थोडं पीठ ढवळलं, की ती पाणी न घालता पातळ होते. आजारातून उठलेल्या मोठ्या माणसाला, गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धाला हीच युक्ती तितकीच उपयोगी आहे. लापशी घट्ट शिजवून खाली उतरवावी, उकळी पूर्ण थांबून ती थोडी निवली की चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळावं, दहा मिनिटं झाकून ठेवावं आणि मग पुन्हा चांगली उकळावी. ही शेवटची उकळी वगळू नये, कारण मोड येण्याच्या दमट उबेत जंतूही वाढतात. मधुमेह असेल तर मात्र जपून. तुटलेला स्टार्च रक्तातली साखर लवकर वाढवतो. आणि हे ज्वारीवर करायचं तर मोड-मुळं पूर्ण चोळून काढल्याशिवाय नाही. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारा पदार्थ असतो.

कडधान्यांच्या बाबतीत तर विकर दाण्यातच बसलेलं आहे. मूग, मटकी, हरभरा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज माणसाच्या आतड्यात नसतंच. धडधाकट माणसाच्याही नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. बीज रुजू लागलं की ते स्वतःच्या अल्फा-गॅलॅक्टोसिडेजने याच साखरा तोडून वापरतं. म्हणून भिजवलेलं पाणी टाकून देऊन, एक-दोन दिवस मोड आणून मग शिजवलेली मटकी हलकी पडते. हिंग-ओव्याने पोटाला आराम वाटत असेल, पण या साखरा ते तोडत नाहीत. मोड कच्चे खाण्याचा हट्ट मात्र सोडावा. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई-कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली.

आंबिलीतही हेच चालतं. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवलं, की आंबटपणात धान्यातलं फायटेज हे विकर जागं होतं आणि लोह अडवून धरणारं फायटेट कमी करतं. सकाळी ती शिजवायची.

दह्यापाशी मात्र पूर्वपक्षाला त्याचा हक्क द्यायला हवा. १९८४ साली अमेरिकन संशोधकांनी दुग्धशर्करा न पचणाऱ्या लोकांना दूध आणि योगर्ट यांतून सारखीच दुग्धशर्करा दिली, तेव्हा योगर्टनंतर श्वासातला हायड्रोजन दुधाच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. योगर्टमधल्या जिवंत जिवाणूंचं लॅक्टेज त्यांच्या पेशीभित्तीच्या आडोशाने जठरातून तगून जातं आणि आतड्यात काम करतं. इथे कच्चं, म्हणजे न तापवलेलं अन्न खरोखर सरस आहे. कढी उकळली की ते जिवाणू जातात. विरजताना कमी झालेली दुग्धशर्करा हा फायदा कढीत राहतो, जिवंत लॅक्टेजचा राहत नाही. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत हे घरागणिक बदलतं, त्यामुळे एकाला मानवलेलं दही दुसऱ्याला तितकंच मानवेल असं धरून चालू नये. खीर किंवा चहासाठी दूधच हवं असेल, तर उकळून गार केलेल्या दुधात लॅक्टेजचे थेंब घालून ते दिवसभर फ्रिजमध्ये ठेवावं. दूध किंचित गोड लागू लागतं, कारण दुग्धशर्करा तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झालेलं असतं. पातेल्यात काम पूर्ण झालं, आता ते दूध पुन्हा तापवलं तरी बिघडत नाही.

पपईविषयी थोडक्यात. मटणाला लावलेली कच्ची पपई तंतू सैल करते आणि दात नसलेल्या माणसाचं चावणं सोपं होतं. हा लाभ मोठा आहे, पण तो चावण्याचा आहे. जेवणानंतरची पिकलेली पपई फळ म्हणून उत्तम. कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन पिकल्यावर फारसं उरत नाही. आणि फळातलं म्हणून ते निरुपद्रवी, असंही नव्हे. अन्ननलिकेत अडकलेला मांसाचा तुकडा विरघळवायला पूर्वी पपेनचं द्रावण पाजत. त्याने अन्ननलिकेलाच भोक पडल्याच्या घटना घडल्यावर तो उपचार मागे पडला.

बाटलीतलं किंवा गोळीतलं विकर कुठेच लागत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. जे विकर शरीरात नाहीच किंवा उरलेलं नाही, तिथे ते लागतं, आणि मग त्याला पर्याय नसतो. दुग्धशर्करा न पचणाऱ्याला लॅक्टेजची गोळी दुधाच्या पदार्थाबरोबर घेतली तर उपयोग होतो. अल्फा-गॅलॅक्टोसिडेजची गोळी कडधान्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. हे बुरशीचं विकर जठराची आम्लता पुष्कळ सोसतं, म्हणून ते पोटातही चालतं. याउलट सीलियाक आजारात गव्हातल्या ग्लुटेनविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उठलेली असते. तिथे ग्लुटेन पचवण्याचा दावा करणारी कोणतीही गोळी पोळी निर्धोक करत नाही, आणि तिच्या भरवशावर पोळी खाणाऱ्याचं आतडं झिजत राहतं. वजन घटणं, काळं शौच, सतत उलट्या, गिळताना अडकणं, शौच तेलकट आणि पाण्यावर तरंगणारं होणं, यांपैकी काही दिसलं तर सिरपाची बाटली बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. सिरपावर घालवलेले महिने इथे महाग पडतात.

स्वादुपिंडाच्या जुनाट दाहामुळे किंवा त्याचा भाग काढावा लागल्यामुळे ज्यांची विकरं पुरेशी उरलेली नाहीत, त्यांना पॅन्क्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडाच्या विकरांची कॅप्सूल, हवंच. मुख्य जेवणाबरोबर साधारण ४०,००० ते ५०,००० एकक लायपेज, छोट्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मं, अशी सुरुवात सहसा डॉक्टर करतात. जेवणानंतरच्या दोन चमच्यांनी ही गरज भागत नाही, कारण डायास्टेज-पेप्सीनच्या सिरपात लायपेज नसतं. पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं, म्हणून रांधणाऱ्याने काही गोष्टी सांभाळायच्या. कॅप्सूल जेवणाच्या आधी किंवा नंतर नव्हे, घासांबरोबर द्यायची. जास्त असतील तर जेवणभर विभागून. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे गार आणि आंबटसर मऊ पदार्थात, जसं सफरचंदाच्या गरात, मिसळायचे, न चावता लगेच गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. गरम खिचडीत ते घालू नयेत, उष्णतेने विकर जातं. दुधातही घालू नयेत, तिथे आम्ल कमी असल्यामुळे आवरण आधीच सुटतं आणि पुढे जठरातलं आम्ल त्या उघड्या पडलेल्या लायपेजला नष्ट करतं.